वुर्यानी वुर्यानी यांना दुजोरा

२ सप्टेंबर

बांडुंगला पोचले आणि उतरल्या उतरल्या स्वेटर घालावा लागला. सेमारांगला माझ्याकडे स्वेटर आहे ही गोष्ट लोक विनोद म्हणून एकमेकांना सांगत. इथे तो अंगावर घालून मी रस्त्यावरून चालले आणि कुणी वळूनही पाहिलं नाही. शहर मला पसंत आहे.

खोली छान. खिडकीतून दिवसभर एकसारखा उजेड येतो, टेबल लांबरुंद आहे आणि डगमगत नाही. घरमालकीण इबू इरोह मला ‘नेंग’ म्हणते, म्हणजे पोरी. सत्तेचाळिसाव्या वर्षी आपल्याला पोरी म्हणणारं कुणी भेटलं तर त्या घरात मरेपर्यंत राहावं, असं मी ठरवून टाकलं.

वीसेक वर्षं मी सेमारांगच्या एका छापखान्यात काढ्याच्या पुड्या, कुरकुऱ्यांचे डबे आणि डासांच्या उदबत्तीची खोकी यांवरची अक्षरं हाताने काढली. जावाभरच्या स्वयंपाकघरांत माझी अक्षरं आहेत, माझं नाव एकाही डब्यावर नाही. छापखाना बंद झाला तेव्हा मालक रडला आणि निरोपाची भेट म्हणून प्रत्येकाला एकेक कॅलेंडर देऊन गेला. तेही मीच काढलेलं होतं.

आता एकच हवंय. एका तरी डब्यावर, तळाशी का होईना, माझं नाव.

४ सप्टेंबर

शेजारच्या खोलीतली रेसा माझी चित्रं बघायला आली. ती फोनवरच्या ॲपसाठी बटणं आणि चिन्हं काढते. वय सव्वीस. मला ‘तेह’ म्हणते, म्हणजे ताई. चित्रं बघून म्हणाली, तेह, तुम्ही एवढं काम केलंय आणि कुठे दिसतच नाही, म्हणजे तुम्ही मेलेल्यात जमा. मी म्हटलं, मेलेल्यांना निदान भाडं भरावं लागत नाही. ती हसली, माझा लॅपटॉप ओढला आणि मला त्या व्यावसायिक ओळखींच्या साइटवर बसवलं. साइटचं नाव लिहीत नाही. तिची जाहिरात ती स्वतःच पुरेशी करते.

नाव टाकलं. साइटने आडनाव मागितलं. मला आडनाव नाही. माझ्या बापालाही नव्हतं, आमच्या गल्लीत कुणालाच नव्हतं. जावात एका माणसाला एक नाव पुरतं. पण ती चौकट रिकामी सोडली की साइट लाल होते. तेव्हा आमची माणसं बँकेत आणि पासपोर्टला जे करतात तेच मी केलं. तेच नाव पुन्हा लिहिलं. वुर्यानी वुर्यानी.

रेसा म्हणाली, माझे बाबा पासपोर्टवर सुकिर्नो सुकिर्नो आहेत, विमानतळावर पुकारतात तेव्हा दोघं येतील असं वाटतं.

७ सप्टेंबर

साइटवर तीन दिवस नुसतं वाचत बसले. इतकी सुखी माणसं मी एकत्र कधी पाहिली नव्हती. एकाला नोकरीवरून काढलं, तर तो साहेबाचे आभार मानतोय. एकीने आईच्या अंत्यविधीतून संघभावनेचे काही धडे घेतले. ‘नम्रपणे कळवतो’ अशी सुरुवात करून कुणीही आजवर नम्र गोष्ट कळवलेली नाही.

आपल्या नावाखाली आपली कौशल्यं लिहायची आणि मग लोक एकेका कौशल्यापुढचं बटण दाबून दुजोरा देतात, की हो, या बाईला हे येतं. देणाऱ्याने तुमचं काम पाहिलेलं असण्याची गरज नाही. रेसाने मला पाच लिहायला लावली: अक्षरलेखन, रंगसंगती, मांडणी, वेळ पाळणे, लोकांत मिळूनमिसळून काम करणे. शेवटचं खोटं आहे असं मी सांगितलं. ती म्हणाली, तेह, सगळ्यांचंच शेवटचं खोटं असतं.

११ सप्टेंबर

काम मिळालं. पाक तेगुह नावाच्या गृहस्थांचा चहा आहे, ‘काबुत पागी’, सकाळचं धुकं. डब्यावर नव्याने अक्षरं हवी आहेत, हाताने काढलेली. आणि डब्याच्या तळाला कलाकाराचं नाव छापायचं त्यांच्या मनात आहे. हे मी त्यांना दोनदा म्हणायला लावलं.

मी संध्याकाळपर्यंत ‘पागी’तला एकच रोमन जी (g) काढत बसले. माझ्या जीची शेपटी खालून वळते आणि शेवटी मिटत नाही, ऊन खाणाऱ्या मांजरासारखी सैल पडून राहते. छापखान्यात सगळे ती ओळखत.

इबू इरोहने आल्याचा गरम बांद्रेक आणून दिला. कागदाकडे बघून म्हणाली, नेंग, हे अक्षर आळशी आहे. मी म्हटलं, इबू, तेवढंच विकत घेतात.

१५ सप्टेंबर

एक लहानसा घोटाळा. पाक तेगुहंनी फोनवर माझ्या निरोपाचे आभार मानले. मी निरोप पाठवलेला नाही. साइट उघडली तर निरोप आहे, माझ्या खात्यातूनच गेलेला. त्यांना डब्याचा आकार बदलायचा होता आणि मी म्हणे लिहिलंय की फार सुंदर कल्पना, आपल्याबरोबर काम करताना रोज शिकायला मिळतं.

हे मी लिहिलेलं नाही याला पुरावा नको. सेमारांगमधला कुणीही छातीवर हात ठेवून सांगेल.

रेसाला विचारलं. ती दुखावली. म्हणाली, मी तुमच्या खात्यात शिरले असते तर आधी तुमचा फोटो बदलला असता. मग म्हणाली, साइट हल्ली उत्तरं आपणच सुचवते, चुकून बटण दाबलं गेलं असेल. पासवर्ड बदलला.

अक्षरलेखनाला बरेच दुजोरे आलेत. सुराबायाचा एक दंतवैद्यही त्यात आहे.

१८ सप्टेंबर

आज अक्षर जमलं नाही.

होतं असं कधी कधी. पण हे तसं नव्हतं. पेन तोच, शाई तीच. शेपटी खाली नेली आणि ती वळेना. हाताला ठाऊकच नाही कुठे वळायचं. पुन्हा काढली, पुन्हा. दुपारपर्यंत टेबलभर कागद झाले आणि प्रत्येकावर पहिलीतल्या पोराने काढावा तसा जी. मनगट दुखत नाही, बोटं कापत नाहीत. जणू कुणी मला कधी शिकवलंच नव्हतं.

शेवटी पाक तेगुहंना फोन केला की दोन दिवस द्या. ते मला बू म्हणतात, म्हणजे बाई. म्हणाले, कशाला, बू, अक्षरं सकाळीच पोचली, अप्रतिम आहेत. त्यांनी मला फोटो पाठवला.

माझा जी. सैल पडलेली शेपटी, न मिटणारी. कुठेही खोडलेलं नाही, एक रेष अडखळलेली नाही.

मी इतकी नीट कधीच नव्हते.

१९ सप्टेंबर

पाक तेगुहंच्या कचेरीत गेले. हिरव्या अंगकोत मिनीबसमधून जाताना सगळं भाषण तयार केलं होतं. दारावरची मुलगी म्हणाली, बू वुर्यानी, काही विसरलात का, आत्ताच तर गेलात.

पाक तेगुह फार चांगले गृहस्थ आहेत. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, बू, सकाळी किती प्रसन्न होतात, आता जरा दमल्यासारख्या वाटता. मी सांगितलं की सकाळी मी आले नव्हते. ते हसले. मी तेच पुन्हा सांगितलं. मग हसणं थांबवून ते खाली बघत म्हणाले, कलाकार माणसं संवेदनशील असतात.

तळाला नाव कुणाचं छापणार असं विचारलं. म्हणाले, तुमचंच, बू, साइटवर आहे तसंच, वुर्यानी वुर्यानी.

मी म्हटलं, एकदाच छापा. ते म्हणाले, पण काल तुम्हीच म्हणालात, दोनदा चांगलं दिसतं.

२१ सप्टेंबर

इबू इरोहपाशी बसून सगळं सांगितलं. ती टोफू तळत होती आणि तळतच राहिली. मग तिने विचारलं, नेंग, ते दुसरं नाव ठेवलंस तेव्हा लापशी केली होतीस का.

नाव ठेवताना लाल लापशी आणि पांढरी लापशी करतात, शेजारीपाजारी वाटतात. माझ्या आईने केली होती, सगळ्यांच्या आया करतात. मी म्हटलं, इबू, मी चौकट भरत होते, बारसं करत नव्हते. ती म्हणाली, नावाला काय कळतं चौकट. तू हाक मारलीस, ते आलं. आल्याला खायला नको घालायला? तू नाही घातलंस, लोक घालतायत. बटण दाबलं की एक घास.

मी तिला म्हटलं की तू फार मालिका बघतेस. तिने टोफू उलटला आणि म्हणाली, काल सकाळी इथेच बसून माझ्याबरोबर शेंगा निवडल्यास, तेव्हा एकदाही टोमणा मारला नाहीस. मी तेव्हाच म्हटलं, ही काही आमची नेंग नाही.

काल सकाळी मी बाजारात होते.

उपाय एकच म्हणाली: आता तरी लापशी कर, तिला वेगळं नाव दे, मग ती तिच्या वाटेने जाईल. मी विचारलं, माझा हात घेऊन जाईल का. इबूने पुढचा टोफू तेलात सोडला.

मग नाही करणार. वीसेक वर्षं मी बिननावाची राबले. आता माझ्या हाताचं बारसं परक्या बाईच्या नावाने करू, वर गूळ घालू? राहू दे उपाशी.

२२ सप्टेंबर

साइटवरून दुसरं नाव पुसायला गेले. चौकट लाल. रेघ टाकली, लाल. टिंब टाकलं, लाल. खातंच बंद करायला गेले, तर म्हणे खातेदाराकडून खात्री करून घेतो. मग उत्तर आलं: खातेदाराने नकार दिला आहे, आपल्याला त्रास झाल्याबद्दल दिलगीर आहोत.

रेसाने पाहिलं. ती माझ्या पलंगावर बसली आणि नखं खायला लागली.

आज रंगसंगतीला दुजोरे येतायत.

२३ सप्टेंबर

बाजारात पालेभाज्या बघितल्या. सगळ्या हिरव्या. हिरव्यात मला पूर्वी किती काय दिसायचं. आता नुसतं हिरवं. रंगपेटी उघडली, बंद केली.

रेसाला सांगितलं की तुझ्या ओळखीच्यांना सांग, दुजोरे देऊ नका. तिने सगळ्यांना लिहिलं. लोकांना माझा विनय इतका आवडला की आणखी दिले.

२४ सप्टेंबर

पाक तेगुहंनी भरदुपारी पडद्यावर बैठक घेतली. चौघं होतो. त्यांची चौकट, त्यांच्या मदतनिसाची, आणि दोन माझ्या. दोन्हींवर वुर्यानी. एकीत मी, केस न विंचरलेली. दुसरीचा कॅमेरा बंद.

पाक तेगुह म्हणाले, बू, तुम्ही दोन ठिकाणांहून आलायत वाटतं. मी म्हटलं, तिला तोंड दाखवायला सांगा. मदतनीस हसला.

कॅमेरा चालू झाला. माझीच खोली. हीच खिडकी, हाच पडदा, खुर्चीवर माझा स्वेटर. आणि टेबलाशी ती. केस विंचरलेले. सगळ्यांकडे बघून मान तुकवली.

मी माझ्या टेबलाशी होते. शेजारी कुणी नव्हतं. मागे कुणी नव्हतं. मी हात पुढे करून चाचपूनही पाहिलं.

ती म्हणाली, ताईंचं बोलणं आधी होऊ द्या. माझ्याच आवाजात. मला ताई.

मी तिला जे म्हटलं ते इथे लिहिणार नाही, इबू कधी वाचेल. पाक तेगुहंनी माझा आवाज बंद केला. तिचा ठेवला.

२५ सप्टेंबर

मांडणी गेली. ताटली टेबलाच्या कडेवर ठेवली, फुटली. दुसरीही. वस्तू कुठे ठेवावी ते कळत नाही.

वेळ पाळणे यालाही दुजोरे येतायत. लोकांत मिळूनमिसळून काम करणे यालाही. ते मात्र ने, बाई. ते माझ्याकडे कधी नव्हतंच. तिथे तुझी फसवणूक झाली.

खूप हसले. बऱ्याच दिवसांनी.

२६ सप्टेंबर

युक्ती सुचली. कौतुक खाऊन ती जगते ना? मग मी कौतुक बंद पाडते. तिच्या त्या लाडक्या साइटवर, त्याच नावाने, इतकं वाईट लिहीन की लोक पळतील.

सकाळी बसून लिहिलं. की तुम्ही सगळे ढोंगी आहात. तुम्ही एकमेकांच्या पाठी थोपटता कारण हातांना दुसरं काम येत नाही. तुमच्या नम्रतेला वास येतो. आईच्या मयतावरून धडे घेणाऱ्या बाईला नावानिशी सांगितलं की तुझी आई सुटली. सुराबायाच्या दंतवैद्याला सांगितलं की तू दात बघ. पाक तेगुहंच्या चहाला कोमट म्हटलं.

रेसाने वाचलं आणि तोंडावर हात ठेवला. म्हणाली, तेह, यानंतर तुम्हाला कुणी काम देणार नाही. मी म्हटलं, काम करायला हात कुठे आहे. टाक.

टाकलं. इतकी चांगली झोप लागली दुपारी.

२७ सप्टेंबर

आवडलं.

सगळ्यांना आवडलं. प्रामाणिक, म्हणतात. धाडसी. मयताच्या धड्यांवाली म्हणते, मी रडले, धन्यवाद. दंतवैद्याने चारशे लोकांना पाठवलं. पाक तेगुह म्हणतात, कोमट चहा, हीच जाहिरात करू.

या माणसांना शिवीही देता येत नाही. ते ती घरी नेऊन चौकटीत लावतात.

आणि कुणीतरी सहावं कौशल्य जोडलंय. मी नाही जोडलेलं. लेखन.

दुजोरे येतायत —

२८ सप्टेंबर

सकाळी इबूने गरम — ते, आल्याचं, पितात ते — आणून दिलं. नाव आठवेना.

वही उघडून बरंच बसले. पूर्वी वाक्य आपण होऊन यायचं, टोमण्यासकट. आता एकेक शब्द ओढून — विहिरीतून — तसं.

इबू म्हणाली, लापशी करू का, मी करते, तू नुसती बस. मी मान हलवली. नाही. ती रडली. मला म्हणाली नेंग.

डबे छापून आले. रेसाने आणून दाखवला. तळाला नाव आहे. दोनदा.

एकदाच असायला हवं होतं.

२९ सप्टेंबर

उजवा हात अक्षर काढत नाही. साधंही नाही.

पण डावा आहे. डाव्याला कधी कुणी काही म्हटलं नाही. कुणी पाहिलाच नाही. त्याला कुणी — दुजोरा — नाही.

हे डाव्याने लिहितेय. वाकडं. शाई पसरते. ओळ घसरते खाली. घाण दिसतं.

माझं आहे.

३० सप्टेंबर

दिवसभर डाव्याने जी काढला. शेकडो. कुरूप. शेपटी कुठेही जाते. एकही तिच्यासारखा नाही. तिला जमणार नाही असा वाकडा. खाली नाव. एकदा.

शब्द कमी आहेत. पण रोज काढीन. वर्ष लागू दे. दहा. पुन्हा शिकेन. तू नीट रहा तिकडे. मी इथे वाकडी —

रेसा आलीय. दारात. कागद बघतेय.

म्हणते, तेह, हे किती वेगळं आहे. मी म्हटलं घाण आहे. म्हणते नाही तेह, खरंच, आधीच्यापेक्षाही — यात जीव आहे, लोकांनी बघायला —

नको म्हटलं. ऐकत नाही. डोळे भरलेत तिचे. चांगली पोर. फोन काढला.

कागदांवर उजवा हात ठेवलाय, पसरून. तेवढ्याच कामाचा उरला. हलवणार नाही. ती म्हणते थोडा बाजूला घ्या, तेह. नाही घेणार. डाव्याने लिहीतच राहणार, ती थांबेपर्यंत, माझं नाव, एकदाच, वु